पुढच्या चाकाची थरथर

सारंगीच्या तारेवरून गज एकसारख्या गतीने ओढला जातो, तरीही तार सेकंदाला शेकडो वेळा कंप पावते. गजाला स्वतःचे असे कंपन नसते. त्याच्या संथ गतीतूनच तार आपल्याला लागणारी ऊर्जा काढून घेते. अशा कंपनांना स्वयंप्रेरित कंपने म्हणतात. शर्यतीच्या मोटारसायकलीचे पुढचे चाक ऐन वळणावर थरथरू लागते, तेव्हा पुष्कळदा असेच घडत असते. थंडीने दात वाजावेत तसा हा प्रकार असल्याने इंग्रजीत त्याला ‘चॅटर’ हे नाव पडले आहे.

हँडल डावी-उजवीकडे फडफडते तो दोष निराळा. येथे चाक वर-खाली नाचते, आणि तेही गाडी पुरती कललेली असताना. भार हलका होताच टायर बाहेरच्या बाजूस किंचित सरकतो, भार येताच पुन्हा पकड घेतो. अशा स्थितीत स्वाराने गाडी हट्टाने आणखी वळविली, तर चाक निसटते व तो रस्त्यावर आपटतो.

मोटोक्रॉसच्या एकसिलिंडरी गाडीचे डांबरी शर्यतीसाठी रूपांतर केले, की या दोषाला अनेक वाटा मोकळ्या होतात. मातीवर चालणारे २१ इंची चाक काढून १७ इंची बसविले, म्हणजे टायरचा व्यास सुमारे ६९ सेंटिमीटरवरून ६० वर येतो. हँडलाचा आस २७ अंश कललेला असेल, तर तो वाढवून जमिनीला जेथे मिळतो त्या बिंदूपासून टायरच्या टेकण्याचे अंतर तेवढ्यानेच दोन सेंटिमीटरांहून अधिक घटते. शिवाय पुढच्या चिमट्याची सुमारे ३० सेंटिमीटरांची चाल उड्यांसाठी योजलेली असते. डांबरावर तिच्या निम्म्याहूनही कमी पुरते.

आता थोडे गणित. चाक, ब्रेक व चिमट्याचा खालचा भाग मिळून १५ किलोग्रॅम वस्तुमान आहे, आणि टायर १ मिलिमीटर दबण्यास १५० न्यूटन बल लागते, असे धरू. हे वस्तुमान टायररूपी स्प्रिंगवर सेकंदाला सुमारे १६ वेळा नाचेल. ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी सुमारे १०८ किलोमीटर वेगास सेकंदाला तितकेच फेरे घेते. म्हणून थरथर एका ठराविक वेगालाच येत असेल, तर प्रथम चाकाचा तोल व रिमचा वाकडेपणा तपासावा. वेग बदलूनही कंपनाची गती तीच राहिली, तर मात्र दोष अधिक खोल आहे.

हे नाचणे शमविण्याचे काम चिमट्यातील तेलाचे. पण नळ्या सरकल्या तरच तेल काम करणार. ४५ अंश कललेल्या गाडीत चिमट्याच्या दिशेने येणारा भार १.४ पट होतो. खाचखळग्यांचे धक्के तिरपे बसतात, नळ्या वाकतात, बुश घासतात. चिमटा जागीच अडकला की गाडी केवळ टायरवर नाचते, आणि टायरच्या रबरात कंपन जिरविण्याची शक्ती थोडीच असते. म्हणून जाणता कारागीर नवी स्प्रिंग विकत आणण्यापूर्वी आसाचे आवळबोल्ट सैल करतो, चिमटा चार-सहा वेळा दाबून दोन्ही पाय समांतर बसू देतो, मगच बोल्ट आवळतो. खालची पकडपट्टी फाजील आवळली गेली नाही ना, हेही तो पाहतो. त्यानंतर टायरमधील हवा, मग तेलाचा अवरोध, मग स्प्रिंग. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकाची वहीत नोंद. दोन बदल एकदम केले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

सांगाडा मजबूत केला की सारे सुधारेल, हा समज जुना आहे, आणि त्याला आधारही होता. उत्तर आयर्लंडच्या मॅककँडलेस बंधूंनी बनविलेल्या ‘फेदरबेड’ सांगाड्याच्या एकसिलिंडरी नॉर्टनवर जेफ ड्यूकने १९५० साली आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. पुढे ध्यानात आले, की गाडी कललेली असता सांगाड्याची बाजूने वाकण्याची क्षमताच धक्क्यांची स्प्रिंग बनते. तेव्हा रूपांतरित गाडीला हौसेने जोडलेला जादा आडवा दांडा कधीकधी काढूनच टाकावा लागतो.

चाचणीत एक अडचण मात्र राहते. ही थरथर बहुधा टायर पकडीच्या सीमेवर असतानाच प्रकट होते. कारागीर स्वतः गाडी जपून चालवून पाहतो, तेव्हा त्याला ती अगदी निर्दोष भासते.