शरीर जंतांशी कसे लढते? आणि तरीही वर्षातून दोनदा गोळी का लागते?

फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत सातारा, सांगलीसह राज्यभरातील शाळा आणि अंगणवाड्यांत मुलांना जंतनाशक गोळी दिली जाते. राष्ट्रीय जंतनाशक दिन देशात 2015 पासून सुरू झाला. 1 ते 19 वर्षे वयोगटाला अल्बेंडाझोल हे औषध दिले जाते. अनेक पालकांना प्रश्न पडतो, 'मूल ठणठणीत आहे, मग गोळी कशाला? अंगात प्रतिकारशक्ती असतेच की!' असते, आणि ती लढतेही. पण जंतांशी होणारी लढाई वेगळी असते.

जंत इतर जंतूंपेक्षा वेगळे कसे?

ताप आणणारे जिवाणू इतके सूक्ष्म असतात की रक्तातील पांढरी पेशी त्यांना गिळून टाकते. पोटातला गोलकृमी मात्र 30 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे पांढऱ्या पेशीच्या वीस-पंचवीस हजार पट लांब. त्याला गिळणे शक्यच नाही. म्हणून शरीर इथे डाव बदलते : मारता येत नसेल, तर बाहेर हाकलायचे.

हाकलण्याचे काम कसे चालते?

आतड्याच्या अस्तरात 'टफ्ट पेशी' नावाच्या पहारेकरी पेशी असतात. जंताची चाहूल लागताच त्या रासायनिक संदेश सोडतात. त्यांचे हे काम 2016 मध्ये स्पष्ट झाले. संदेश मिळताच आतड्यात चिकट स्राव वाढतो, त्यामुळे जंताला पकड घेता येत नाही. सोबत पाणी सुटते, आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि जंत पुढे ढकलला जातो. अंगण धुऊन झाडून काढावे, तसाच हा प्रकार.

रिपोर्टमधील 'इओसिनोफिल' म्हणजे काय?

अनेक जंतांच्या अळ्या आतड्यात येण्याआधी रक्तातून फुप्फुसापर्यंत प्रवास करतात. याच काळात काहींना कोरडा खोकला होतो. या अळ्यांवर आयजीई नावाची प्रतिपिंडे चिकटतात आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी त्यांना घेरून विषारी प्रथिने सोडतात. म्हणून रक्ततपासणीत इओसिनोफिल वाढलेले दिसले की डॉक्टर जंतांचीही शंका घेतात. मात्र ॲलर्जी, दमा किंवा काही औषधांमुळेही हा आकडा वाढतो. शिंका आणि अंगावरच्या पित्तामागेही हेच आयजीई असते. शत्रू नसताना परागकणांवर किंवा धुळीवर शस्त्र उगारले गेले, की ॲलर्जी होते.

मग जंत टिकतात कसे?

जंतही तयारीचे असतात. ते असे पदार्थ सोडतात की प्रतिकारशक्ती सौम्य पडते. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. जंतांचे तसे नाही. पोट साफ झाले तरी काही आठवड्यांत नवे जंत येऊ शकतात. आतड्यातील या जंतांवर माणसांसाठी लसही वापरात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 150 कोटी लोकांना मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण आहे.

अल्बेंडाझोलमुळे जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. पण गोळी आज पोटात असलेल्या जंतांवर चालते, उद्या येणाऱ्यांवर नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

धोका कुणाला जास्त?

अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. लागण मोठी असेल तर रक्तक्षय होतो, मुलांची वाढ खुंटते. या अळीला ओलावा आणि सावली हवी असते. कृष्णा-वारणाकाठच्या उसाच्या फडात दोन्ही मिळतात. जिथे उघड्यावर शौच होते, तिथेच ती मातीत येते. गळीत हंगामात मराठवाड्यातून येणारी तोडणी कामगारांची कुटुंबे कोप्यांत राहतात, तिथे शौचालयाची सोय अनेकदा नसते. फेब्रुवारीची गोळी नेमकी हंगामात येते. आई-वडिलांबरोबर फडावर आलेल्या मुलाची शाळा सुटलेली असेल, तर गोळीही चुकू शकते. सर्वाधिक गरज असलेले मूलच असे यादीबाहेर राहते.

शरीराला मदत कशी करायची?

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली सुरू झाले, तेव्हा ग्रामविकास मंत्री होते तासगावचे आर. आर. पाटील. गावचे शौचालय हा केवळ स्वच्छतेचा विषय नाही. जंताची अंडी मातीत पोहोचलीच नाहीत, तर प्रतिकारशक्तीला एकटीने लढावे लागत नाही.

लक्षात ठेवा

• 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून, 2 वर्षांपुढील मुलांना 400 मिलिग्रॅमची पूर्ण गोळी.
• त्या दिवशी मूल आजारी असेल तर गोळी देऊ नका. बरे झाल्यावर नंतरच्या फेरीत द्या.
• शेतात चप्पल किंवा बूट, जेवणाआधी साबणाने हात, कापलेली नखे, धुतलेली भाजी.
• फडावरील मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत किंवा आशा सेविकेकडे कळवा.
• इओसिनोफिल वाढले म्हणून स्वतःच औषध घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.