प्रसंगाच्या पिशवींतील सुरी

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरीं दाराशेजारच्या खुंटीला एक पिशवी टांगलेली दिसूं लागली आहे. विजेरी, चार दिवसांचीं औषधें, कागदपत्रांच्या नकला, काड्यापेटी, राजगिऱ्याच्या वड्या, थोडे सुटे पैसे असा सरंजाम तींत असतो. एकाएकीं घर सोडून निघावें लागलें तर एका हातानें ही उचलावी व दुसऱ्या हातानें घरांतील म्हाताऱ्या माणसाला धरावें, हा तिचा उद्देश. पुण्याच्या लोकांनीं १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचा पूर पाहिला. मुंबईकरांनीं २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला पाहिला. त्यामुळें या पिशवीची थट्टा आतां फारशी कोणी करीत नाहीं. मात्र अशा पिशव्या उघडून पाहिल्या असतां एका वस्तूची निवड बहुतेकांनीं अगदीं विचार न करतां केलेली आम्हांस आढळली. ती वस्तु म्हणजे सुरी.

आम्हीं तरी तिचा विचार कोठें केला होता! तो करावयास लावला चिपळूणच्या पुरानें. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी गांवांत शिरलें तेव्हां आमचे एक मावसबंधु तेथें आपल्या घरीं होते. घरामागें गोठा, गोठ्यांत एक गाय आणि तिचें वासरूं. दावीं नायलॉनचीं होतीं, आणि जनावरांनीं घाबरून ओढ घेतल्यामुळें गांठी अशा आवळल्या होत्या कीं सुटण्याचें नांव घेईनात. कोयता गोठ्याच्याच भिंतीला अडकविलेला, म्हणजे पाण्याखालीं. विळी पाटाला जखडलेली. ती घेऊन छातीइतक्या पाण्यांत कोण उतरणार? पिशवींत एक मिटता चाकू होता. ओल्या दाव्यावर जोर देतांच त्याचें पातें मिटलें तें बंधूंच्या तर्जनीवर. मग वहिनींनीं स्वयंपाकघरांतील सुरी आणून दिली. तिनें गाईचें दावें तुटलें. परंतु वासराचें कापतांना पातें प्लास्टिकच्या मुठींतून निखळलें आणि पाण्यांत गेलें. गाय पोहत पोहत शेजारच्या चढाला लागली. वासरूं राहिलें. बंधूंचें बोट शिवून बरें झालें, पण तें अजून पुरतें वळत नाहीं.

आमच्या घरचीं जुनीं माणसें मिटतो तो चाकू आणि न मिटे ती सुरी असा भेद करीत असत. तो भेद निवडीचें अर्धें काम करून टाकतो. मिटत्या चाकूची सारी मदार एका खिळ्यावर व एका लहानशा कमानीवर असते. पेन्सिलीला टोंक करावयास तो छान. पण चिखल, अंधार आणि गारठलेलीं बोटें अशा वेळीं तो जवळ असून नसल्यासारखा.

सुरी घ्यावयास दुकानांत गेलें म्हणजे माणसाची नजर प्रथम पात्यावर जाते. आम्ही म्हणतों, ती मुठीवर जावी. पातें मुठींत किती शिरलें आहे हें विचारावें. अगदीं स्वस्त सुऱ्यांत तें बोटभरहि शिरलेलें नसतें. मावसबंधूंच्या सुरीची हीच कथा. याउलट पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलें असून त्याच्या दोन्ही अंगांस लांकडाच्या पट्ट्या दोनतीन रिबिटांनीं ठोकलेल्या असल्या, तर ती मूठ सहसा दगा देत नाहीं. मुठीच्या कडेला पोलादाची रेघ दिसते, त्यावरून हें ओळखतां येतें. मूठ गुळगुळीत नसावी व तिच्या पुढच्या टोंकाशीं बोट अडेल असा उंचवटा असावा. हात ओला करून ती धरून पाहावी. दुकानदाराला काय वाटेल तें वाटो!

पात्याची लांबी चार ते साडेचार इंच पुरे. दोरी, ताडपत्री, पोत्याची शिवण, जखमेवर बांधावयाचा कपडा, एखादें फळ हीं जिचीं कामें, तिला हातभर पातें कशाला? जाडी अडीच ते तीन मिलिमीटर असावी. दातेरी धार नायलॉनवर चांगली चालते हें खरें, पण ती घरीं लावतां येत नाहीं. साधी धार तीक्ष्ण असली आणि करवतीप्रमाणें मागेंपुढें ओढली तर नायलॉनहि तुटतो.

स्वीडनमधील मोरा या गांवच्या सुऱ्या या बाबतींत जगभर नांवाजलेल्या आहेत. १८९१ पासून चालत आलेल्या तेथील कारखान्याची साधी सुरी पाहिली तर पातें सुमारें १०४ मिलिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर आणि म्यान प्लास्टिकचें. गंमत अशी कीं तिचें पातें मुठीच्या शेवटापर्यंत जात नाहीं. तरीहि ती टिकते, कारण मूठ पात्याभोंवतीं ओतून घट्ट बसविलेली असते. तेव्हां आमचा वरचा नियम म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. जेथें कारागिरीची खात्री नाहीं तेथें तो पाळावा. ही सुरी तिच्या देशीं स्वस्त म्हणूनच ओळखली जाते, पण आपल्याकडे येईपर्यंत तिच्यावर वाहतूक व जकात चढते.

आम्हीं हजार रुपयांची मर्यादा मनाशीं ठरविली होती. म्हणून लोहाराकडे गेलों. मोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्यांपासून तो कोयते घडवितो. तें पोलाद उत्तम असतें. प्रश्न असतो पाण्याचा. पाणी फार कडक झालें तर धारेचे टवके उडतात, कमी पडलें तर धार वळते. तयार पात्याच्या धारेवर कानस अलगद ओढून पाहावी. ती सहज रुतली तर पाणी बसलें नाहीं. निसटत निसटत किंचित् चावली तर ठीक. आमची सुरी पहिल्या खेपेस या परीक्षेंत उतरली नाहीं. लोहारबुवांनीं कुरकुर न करतां ती पुन्हां भट्टींत घातली. सारा खर्च साडेपांचशे रुपये आला.

या पोलादाचा दोष एकच, तें गंजतें. कोंकणांत आषाढांतल्या हवेनें चार दिवसांत त्यावर तांबूस डाग पडतात. म्हणून किनाऱ्यालगत राहणारांनीं स्टेनलेस घेणें बरें. स्वस्त मालांत त्याची धार लौकर जाते, पण वर्षभर पिशवींत पडून राहणाऱ्या वस्तूला गंज न चढणें अधिक महत्त्वाचें. चामड्याचें म्यान दिसावयास सुंदर, तथापि तें ओल धरून ठेवतें. प्लास्टिकचें घ्यावें, आणि तें उलटें धरून झटकलें तरी सुरी बाहेर पडतां कामा नये. धार मात्र दारावरच्या चाकावर लावूं नये. ठिणग्या उडून पातें तापलें कीं धारेचें पाणी उतरतें. ओल्या दगडावर पंधरा मिनिटें घासणें पुरतें.

आमच्या मातोश्रींनीं औषधांच्या शेजारीं हत्यार ठेवण्यास हरकत घेतली होती. १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत धरल्या आहेत, आणि घरकामाचीं व शेतीचीं अवजारें त्यांतून वगळलीं आहेत, हें आम्हीं त्यांना वाचून दाखविलें. कायद्यानें त्यांचें समाधान झालें असें वाटत नाहीं. वासराची हकीकत ऐकल्यावर मात्र त्यांनींच पिशवीचा वरचा कप्पा रिकामा करून दिला. एक अट घातली: सुरी कोणीं कोणाच्या हातांत द्यावयाची नाहीं, खालीं ठेवावयाची व दुसऱ्यानें उचलावयाची. हा जुना रिवाज आम्ही आजवर अंधश्रद्धा समजत होतों. धांदलींत उघडें पातें एका ओल्या हातांतून दुसऱ्या ओल्या हातांत देऊन पाहिलें म्हणजे त्यांतला शहाणपणा कळतो.

घरांतील बारा वर्षांवरील सर्वांनीं एकदां अंगणांत बसून त्या सुरीनें नायलॉनची जुनी दोरी भिजवून कापली आहे. खंडेनवमीला ती विळी-कोयत्याच्या रांगेंत पाटावर येते. तेव्हां एकदां आणि मृगाच्या आधीं एकदां तिला पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवितात. मावसबंधूंनीं नव्या गोठ्यांत सुंभाचीं दावीं घेतलीं आहेत, आणि त्यांच्या सुरीचें म्यान आतां गोठ्याच्या दाराच्या वरच्या चौकटीला ठोकलेलें आहे.