डुकरामागचा कुत्रा

पिग डॉग हे कामावरून पडलेले नाव आहे. न्यूझीलंडमध्ये रानडुकरांच्या शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या धिप्पाड, मिश्र रक्ताच्या कुत्र्यांना ते सरसकट लावतात. वेलिंग्टनच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर, खाडीच्या काठी वसलेल्या पोरिरुआसारख्या शहरात असा कुत्रा आठवडाभर घराच्या अंगणात असतो आणि सुटीच्या दिवशी डोंगरात जातो. त्याच्यात बुल टेरियर, मास्टिफ, ग्रेहाउंड, हंटअवे, लॅब्रेडोर यांपैकी कशाचेही मिश्रण असू शकते. वंशावळीच्या कागदाला इथे किंमत नाही. आईबाप रानात कसे वागले, यावरून पिल्लू निवडले जाते.

त्याची शिकारही बाहेरून आलेली. माणूस येण्यापूर्वी न्यूझीलंडच्या जमिनीवर वटवाघळांखेरीज सस्तन प्राणी राहत नव्हते. कॅप्टन कुकने १७७३ मध्ये तिथे डुकरे सोडली, म्हणून रानडुकराला आजही ‘कॅप्टन कुकर’ म्हणतात.

आपल्याकडचा कारवानी कुत्रा नजरेने सावज टिपतो आणि मोकळ्या माळावर त्याला वेगात गाठतो. न्यूझीलंडच्या दाट झाडीत नजर उपयोगाची नसते. तिथे एक कुत्रा वाऱ्यावरचा वास घेत डुक्कर शोधतो आणि सुळ्यांच्या टप्प्याबाहेर राहून, भुंकून त्याला जागीच रोखतो. दुसरा, अंगाने भारी असलेला, कानाला धरून त्याला दाबून ठेवतो. जबड्याच्या ताकदीची वर्णने फार होतात. मात्र केव्हा मागे सरायचे हे कळणारा कुत्राच अधिक काळ शिकारीत टिकतो.

हा स्वभाव रक्तातून किती येतो? अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बुजऱ्या, झटापट करणाऱ्या बसेंजीचा माणसाळलेल्या कॉकर स्पॅनियलशी संकर केला. पुढच्या पिढ्यांत गुणांची गाठोडी सुटली: रूप एका आजोबाचे, वागणे दुसऱ्याचे. पिल्लाच्या मनाची जडणघडण मुख्यतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात होते, हेही त्यांनी दाखवले. त्याच प्रयोगशाळेत १४ आठवडे माणसाच्या सहवासाविना वाढलेली पिल्ले पुढेही माणसाला बिचकत राहिली. स्कॉट आणि फुलर यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. या नाजूक आठवड्यांचा सल्ला आज जगभर दिला जातो; तो ज्यांच्यामुळे मिळाला, त्या दोघांची नावे मात्र क्वचितच घेतली जातात. २०२२ मध्ये अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास फरक जातीने उलगडला.

‘संकरित कुत्रा आजारी पडत नाही’ ही समजूतही तपासून घ्यावी अशीच आहे. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ आनुवंशिक विकारांपैकी १० शुद्ध जातींत अधिक आढळले, १३ मध्ये फरक दिसला नाही आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे हे संकरितांत अधिक होते. खुब्याच्या सांध्याचा दोष त्या तेरांतलाच. म्हणून मोठ्या हाडाच्या पिल्लाला लठ्ठ होऊ देऊ नये आणि वाढ पूर्ण होण्याआधी कडेकपारीत पळवू नये.

खोल छातीच्या कुत्र्याचे जठर फुगून त्याला पीळ पडू शकतो. तासाभरातही ते जिवावर बेतते. त्यामुळे भरल्या पोटी धावणे टाळतात. सुळ्याची जखम बाहेरून बोटाएवढी दिसते, आत खोलवर गेलेली असते. ती पशुवैद्यानेच उघडून धुवावी. छाती आणि मान झाकणारे चिलखती कवच अशी जखम टाळण्यासाठीच घालतात. पोसम या प्राण्याला मारण्यासाठी वापरले जाणारे ‘१०८०’ हे विष कुत्र्यांना अत्यंत घातक असते, मेलेल्या पोसमच्या मांसातूनही ते पोटात जाते.

न्यूझीलंडच्या १९९६ च्या कायद्यानुसार तीन महिन्यांच्या कुत्र्याची नगरपरिषदेत नोंदणी सक्तीची आहे. २००६ पासून पहिल्या नोंदणीबरोबर मायक्रोचिपही आली. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांना तिच्यातून सूट आहे, शिकारी कुत्र्यांना नाही.

सर्वांत मोठी जबाबदारी किवीच्या बाबतीत आहे. न उडणाऱ्या या पक्ष्याच्या छातीला भक्कम उरोस्थीचा आधार नसतो. कुत्र्याने खेळत तोंडात धरले तरी तो मरतो. १९८७ मध्ये वाइतांगीच्या जंगलात एका मोकाट जर्मन शेफर्डने सुमारे ९०० पैकी ५०० किवी मारल्याचा अंदाज संशोधक मायकेल टाबोर्स्की यांनी मांडला. पोरिरुआच्या नैर्ऋत्येला माकाराच्या टेकड्यांवर, शतकाहून अधिक काळानंतर, नोव्हेंबर २०२२ मध्ये किवी पुन्हा सोडण्यात आले. किवीच्या वासापासून दूर राहण्याचे प्रशिक्षण शिकारी कुत्र्यांना देता येते, आणि ते ठरावीक काळाने पुन्हा द्यावे लागते.