शेजारच्यांची गोळी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने औषधांवर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. परंतु सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात विरजणाइतक्याच सहजपणे रक्तदाबाची गोळीही उसनी मिळते! 'यांना लागू पडली, तुम्हीही घेऊन पाहा,' असा आग्रह वर असतोच. परवा दम्याने बेजार असलेले एक आजोबा शेजारून गोळी घेऊन आले. पाकिटावर नाव होते प्रोप्रानोलॉल. हे औषध हृदयाचा वेग आवरते खरे, पण दमेकऱ्याच्या श्वासनलिकाही आवळते. मी ती गोळी काढून घेतली आणि त्यांना डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी समजावले ते असे. काही औषधे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतात. काही, उदाहरणार्थ अम्लोडिपीन, रक्तवाहिन्या सैल करतात, पण त्याने काहींचे पाय सुजतात. मधुमेहाने मूत्रपिंडाला इजा पोचू लागली असेल तर एनालाप्रिल उपयोगी; मात्र गर्भवतीला तेच वर्ज्य, कारण गर्भाला अपाय होतो.

औषध गुणकारी असूनही सर्वांना चालत नाही, याचा दाखला आपल्या सर्पगंधेत आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये पन्नास रोग्यांवरील तिचे परिणाम प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले. १९५७ साली वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले. (आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव का नसावे?) पुढे रेसर्पीन घेणारे काही रोगी खिन्न होतात, असे आढळले. ज्याला पूर्वी खिन्नतेचा विकार झाला असेल, त्याला डॉक्टर ते देत नाहीत.