दोन यंत्रांचें एक यंत्र

आजच्या मुलांस मोबाईल हें एकच यंत्र ठाऊक आहे. पण त्यांत मुळांत दोन यंत्रें नांदत आहेत, हें आम्ही त्यांस सांगूं इच्छितों.

अमेरिकेंत १९९६ सालीं ‘पायलट’ नांवाची डिजिटल डायरी निघाली. नांवें, पत्ते, भेटीच्या वेळा हें सर्व तींत मावे. ती घडविण्यापूर्वीं जेफ हॉकिन्स ह्यांनीं तेवढाच लांकडी ठोकळा खिशांत घालून हिंडून पाहिलें होतें. (विद्यार्थ्यांनीं ही युक्ति ध्यानांत ठेवावी.) दोन बारीक सेलांवर ती कित्येक आठवडे चाले. मात्र डायरींत नंबर पाहावयाचा, आणि दुसऱ्या खिशांतला मोबाईल काढून त्यावर एकेक आंकडा दाबावयाचा, हा द्राविडी प्राणायाम नित्याचाच!

पुढें हॉकिन्स व त्यांचे सहकारी ह्यांच्या हँडस्प्रिंग कंपनीनें २००२ सालीं ‘ट्रिओ’ विकावयास काढून तो चुकविला. आतां डायरींतील नांव दाबलें कीं फोन लागे. दोहोंचा संसार एक झाला. पण एकत्र कुटुंबांत एकानें उधळलें म्हणजे सर्वांस उपास, तसें येथें घडलें. मोबाईल पडला विजेचा खादाड, आणि डायरीची स्मृति विजेवांचून न टिकणारी! २००३ च्या ‘ट्रिओ ६००’ ची बॅटरी पार उतरली म्हणजे बोलणें तर थांबेच, पण आंत सांठविलेलीं नांवेंही पुसून जात. ज्यानें संगणकावर नक्कल उतरून ठेविली असेल, तोच बचावे. २००४ च्या ‘ट्रिओ ६५०’ मध्यें वीज संपली तरी टिकणारी स्मृति आली, तेव्हां हें संकट टळलें. तोंपर्यंत ज्यांनीं आपली कागदी वही टाकून दिली नव्हती, त्यांस आम्ही भित्रे म्हणणार नाहीं.