धडधड थांबली, पुढे काय?

तलासरी तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकणारी ती मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. खेळता खेळता एकाएकी मटकन खाली बसायची. चेहरा पांढरा पडायचा आणि छातीत अशी धडधड, की फ्रॉकवरून दिसावी. पंधरा-वीस मिनिटांत सारे जागच्या जागी. तलासरीहून माझ्याकडे डहाणूला पोहोचेपर्यंत धडधड थांबलेली असे. त्यामुळे दोन वर्षे तिच्यावर कधी 'अशक्तपणा', कधी 'घाबरट आहे' असे शिक्के बसत राहिले. त्यातला एक शिक्का माझाच होता.

शेवटी एकदा धडधड चालू असतानाच इसीजी निघाला. मिनिटाला 220 ठोके!

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश एकाच दारातून जायचा असतो. काही मुलांत जन्मतःच आणखी एक चोरवाट राहून जाते. मग संदेश दाराने खाली, चोरवाटेने पुन्हा वर, असा गरगर फिरू लागतो. यातल्या एका प्रकाराचे वर्णन वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन डॉक्टरांनी 1930 मध्येच केले होते. आता यावर अब्लेशन करतात. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेऊन ती वाट हुडकायची आणि तेवढाच ठिपका उष्णतेने जाळायचा. छाती उघडावी लागत नाही. या मुलीचे अब्लेशन मुंबईला झाले आणि थोड्याच दिवसांत ती डहाणू लोकलने परत आली.

आईने पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, हे परत तर यायचं नाही ना?"

प्रश्न रास्त होता. मुलांवरच्या अब्लेशनची पद्धतशीर नोंद अमेरिकेत 1991 पासून सुरू झाली, म्हणजे उत्तर द्यायला आपल्या हाताशी बरीच वर्षे आहेत. हृदयाची रचना चांगली असलेल्या शंभरांतल्या नव्वदहून अधिक मुलांत ही वाट पहिल्याच खेपेला बंद होते. त्यांतल्या साधारण पाच ते दहा टक्के मुलांत ती पुन्हा उघडते, आणि तीही बहुधा पहिल्या वर्षातच. याचे कारण असे, की भाजलेले सगळेच मरत नाही. कडेचा भाग नुसता बधिर होतो आणि काही आठवड्यांनी जागा होतो. तसे झाले तर अब्लेशन दुसऱ्यांदा करता येते. वर्ष सुखरूप गेले, की बहुतेक मुलांना गोळ्या लागत नाहीत, आणि ती धावतात, पोहतात.

खरी काळजी असते ती वाट मूळ दाराला खेटून असली तर. तिथे चुकून दारच भाजले, तर आयुष्यभराचा पेसमेकर लागू शकतो. असे क्वचितच घडते. म्हणून अशा जागी जाळण्याऐवजी गोठवतात. त्यात धोका कमी, पण धडधड परतण्याची शक्यता जरा जास्त.

मग तान्ह्या बाळातच का उरकून टाकत नाहीत? कोकरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की कोकरू वाढले तसा भाजल्याचा व्रणही वाढला. शिवाय बऱ्याच बाळांची धडधड वर्षभरात आपोआप शमते. म्हणून औषधाने भागत असेल तर वजन पंधरा किलोंच्या पुढे जाईपर्यंत सहसा थांबतात.

अब्लेशननंतर कधी एखादा ठोका चुकतो आणि आईचा हात धावत मुलाच्या छातीवर जातो. एखाद-दुसरा ठोका चुकला तर घाबरू नये. पण एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारी धडधड मात्र दाखवलीच पाहिजे, आणि जमल्यास ती चालू असतानाच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमधूनच झाली. त्याचे पथक अंगणवाडीत, शाळेत येते, तेव्हा त्यांनाही सांगावे.

ती मुलगी आता तेवीस वर्षांची आहे. परवा बाळाला लस टोचायला आली, तेव्हा तिच्या आईने तांदळाच्या डब्यात जपलेला जुना इसीजी काढून दाखवला. कागद कोरा! तो कागद उष्णतेने छापला जातो आणि काही वर्षांत पुसट होतो. तेव्हा इसीजी मिळाला, की त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि अब्लेशनच्या कागदांसोबत ठेवा.