दुकानातला स्पीकर, घरातली खोली

लाखाच्या घरात किंमत असलेली स्पीकरची जोडी दुकानात जाऊन ऐकल्याशिवाय घेऊ नये, हा सल्ला जाणकारांकडून हमखास दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र डेमो रूममध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकासाठी मुद्दाम सजवलेल्या बंद खोलीत, कानावर पडणारा आवाज एकट्या स्पीकरचा नसतो. त्यात खोलीचा वाटा असतो, विक्रेत्याने ठेवलेल्या आवाजाच्या पातळीचा असतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांचाही असतो. हे वाटे वेगळे काढता आले नाहीत, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे साधे दुकान काय आणि वातानुकूलित शोरूम काय, फसगत सारखीच होते.

स्पीकरची आजची रचना मुळात १९२५ सालची आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी तेव्हा मांडलेल्या आराखड्यात चुंबकाच्या खाचेत तारेचे वेटोळे असते, त्याला शंकू जोडलेला असतो आणि वेटोळ्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाबरोबर तो शंकू मागेपुढे हलून हवा ढकलतो. खर्जाकडच्या स्वरांसाठी मोठा वूफर, टिपेच्या स्वरांसाठी छोटा ट्विटर आणि कोणता स्वर कोणाकडे जायचा हे ठरवणारे क्रॉसओव्हर नावाचे मंडल, एवढ्यावर बहुतेक स्पीकर उभे असतात. महागड्या जोडीतला पैसा पेटीची थरथर थांबवणे, शंकू हलका पण ताठ करणे आणि दोन्ही स्पीकर तंतोतंत सारखे बनवणे यांत जातो. थोडाफार लाकडाच्या पॉलिशमध्येही जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पहिली गफलत पातळीची. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात मानवी कान खर्जाच्या बाबतीत बराच मंद असतो आणि पातळी वाढवली की तोच खर्ज भरदार वाटू लागतो. त्यामुळे दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तो अधिक मोकळा आणि सुस्पष्ट भासतो, जरी प्रत्यक्षात तो फक्त मोठ्यानेच वाजत असला तरी. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटर अंतरावर मिळणारी पातळी, एकाची ८६ आणि दुसऱ्याची ८९ डेसिबल असेल, तर बटण दाबून एकावरून दुसऱ्यावर जाताच आवाज तीन डेसिबलने चढतो. पहिल्याला तिथवर आणायला ॲम्प्लिफायरमधून दुप्पट शक्ती द्यावी लागते. म्हणून तुलनेआधी दोन्हींवर पिंक नॉइज, म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असलेला सलग खरखराट, लावून मोबाइलवरच्या डेसिबल मापकाने पातळी जुळवून घ्यावी. चांगला विक्रेता याला हरकत घेत नाही.

डोळ्यांचा वाटा याहून चिवट असतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हार्मन कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांनी तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दिसत असताना ऐकले, तेव्हा मोठ्या व महागड्या स्पीकरांना दिसताक्षणी गुण वाढून मिळाले आणि पडद्याआड चांगला ठरलेला छोटा, स्वस्त संच खाली घसरला. हे श्रोते ध्वनियंत्रांच्याच व्यवसायातले होते, हे विशेष.

सर्वांत मोठा वाटा मात्र खोलीचा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी खोलीच्या लांबीएवढी भरते तो स्वर दोन भिंतींमध्ये अडकून उभा तरंग तयार करतो, म्हणजे भिंतीलगत त्याचा जोर सर्वाधिक आणि मध्यभागी जवळजवळ शून्य होतो. दहा बाय बाराच्या खोलीत बारा फुटांच्या दिशेने हा स्वर ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांच्या दिशेने ५६ हर्ट्झला सापडतो, आणि छतही दहा फुटांवर असेल तर दुसरा स्वर दुहेरी बळाने घुमतो. वीस फूट लांबीच्या डेमो रूममध्ये लांबीच्या दिशेचा पहिला तरंग २८ हर्ट्झला, म्हणजे बहुतेक संगीताच्या खाली, जातो. शिवाय तिथे जाड गालिचा आणि पडदे असतात, तर घरी व्हिट्रिफाइड टाइल्स आणि काचेच्या सरकत्या खिडक्या. दुकानात स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे उभे असतात आणि घरी टीव्हीच्या युनिटवर भिंतीला टेकतात. भिंत जवळ आली की खर्ज सहा डेसिबलपर्यंत वाढू शकतो. तेव्हा दुकानातच स्पीकर भिंतीकडे सरकवून दाखवायला सांगणे हा घरच्या वास्तवाशी थोडीफार गाठ घालून देणारा उपाय आहे.

ग्लासगोच्या लिन कंपनीचे संस्थापक आयव्हर टिफेनब्रन यांचा आग्रह तर असा की डेमो रूममध्ये वाजणाऱ्या जोडीशिवाय दुसरा स्पीकरच नसावा, कारण न वाजणाऱ्या स्पीकरांचे शंकू सतारीच्या तरफांसारखे आपोआप थरथरतात. तत्त्व खरे आहे, परिणाम किती मोठा याबद्दल मतभेद संभवतात. पण बंद स्पीकरची दोन्ही टोके तारेने जोडली तर वेटोळ्यात निर्माण होणारा प्रवाहच शंकूला लगाम घालतो, हे करून पाहता येते.

राहिला प्रश्न काय लावायचे याचा. दुकानातल्या डेमो रेकॉर्डिंगमध्ये सहसा गिटार आणि एकटा स्त्रीस्वर असतो, जो कोणत्याही स्पीकरवर गोडच वाटतो. त्यापेक्षा वर्षानुवर्षे ऐकलेली ख्यालाची मैफल सोबत न्यावी, विशेषतः तबला स्पष्ट असलेली. डग्ग्यावर तळहात दाबून सरकवला की घुमारा एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जातो. खर्जात खाचखळगे असले तर या घसरणीत काही स्वर एकदम फुगतात आणि काही गायब होतात. विक्रेत्याच्या कोणत्याही आलेखापेक्षा ही परीक्षा कानाला लवकर कळते.

तानपुऱ्याने मात्र सावध राहावे. काळी एकला लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला छेडली जाते, पण जवारीमुळे तिची बहुतेक ऊर्जा वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वराच्या पटींत असते आणि मूळ स्वर गळाला तरी मेंदू त्या पटींवरून तो भरून काढतो. बीबीसीने बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेला एलएस३/५ए हा जेमतेम १२ इंच उंचीचा स्पीकर ७० हर्ट्झच्या आसपासच दम सोडतो, तरीही मानवी आवाजासाठी तो आजही नावाजला जातो. तानपुरा त्यावर पूर्ण वाटतो, म्हणून तो पखवाजही पेलेल असे धरून चालू नये.

शेवटची पायरी दुकानाबाहेरची आहे. काही विक्रेते अनामत घेऊन डेमोची जोडी दोन-तीन दिवस घरी देतात आणि अशी सोय असेल तिथूनच खरेदी करणे श्रेयस्कर. घरी प्रथम खुर्ची सरकवून पाहावी. मागच्या भिंतीला टेकलेली खुर्ची दोन-तीन फूट पुढे आली की ४७ हर्ट्झचा तो घुमारा बराच उतरतो आणि अगदी मध्यावर आली की खर्ज पुरता ओसरतो, तेव्हा या दोहोंमधली जागा त्याच डग्ग्याच्या तुकड्यावर ठरवावी आणि मगच अनामत परत घ्यायची की उरलेली रक्कम भरायची याचा विचार करावा.